रंगातून निघालेलं औषध

आमच्या चाळीतल्या बायका अजूनही मला वाटेत थांबवून विचारतात, "तुला खरंच कापडाचा रंग टोचला व्हता का गं?" एखादी इकडंतिकडं बघून हळूच विचारते, "छातीचं दुखणं असताना बाळंतपण कसं केलंस?" नळावर उभ्याउभ्या सांगताना निम्मं राहून जातं, आणि निम्मं सांगितलेलं पुढच्या गल्लीत पोचेपर्यंत भलतंच होतं. म्हणून बसून लिहिते आहे. मी काही डॉक्टर नाही. माझ्या माहेरी, केमच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन सोलापुरात आले. मालक गिरणीच्या रंगखात्यात कामाला. जे माझ्या अंगावरून गेलं तेवढंच सांगते.

दम

थोरली कमळ सहा वर्षांची होती आणि मला पुन्हा दिवस गेले होते. आमची खोली चाळीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर. भिंतीपलीकडं सगळ्यांची न्हाणी, त्यामुळं ती भिंत बारा महिने ओली. नळावरून घागर आणताना मला मध्येच थांबावं लागायचं. कुणाला कळू नये म्हणून मी पदर नीट करायचं निमित्त करायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "पोटुशीला दम लागतोच की. मला काय कमी लागला व्हय?" मलाही ते पटायचं.

मग आडवं झालं की जीव घाबरा व्हायला लागला. वळकटीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. पाय सुजले, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा. हे मी आधी पाहिलेलं होतं. माझी आई जायच्या आधी तिचे पाय असेच झाले होते. त्यामुळं मी कुणाला काही बोलले नाही, लुगडं खाली ओढून पाय झाकत राहिले. शेवटी मालकांनीच पाहिलं. जेवता जेवता भाकरी तशीच ठेवून म्हणाले, "हे काय झालंय पायाला? कवापास्नं हाय?"

दुसऱ्या दिवशी टांग्यानं दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. बोलणं कमी. त्यांनी नळी छातीला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. डोळे मिटून ऐकत होत्या. मग विचारलं, "लहानपणी सांधे धरले होते का कधी? तापाबरोबर?"

मला नवल वाटलं. मी आले होते दमासाठी आणि या विचारतात गुडघ्यांचं. पण हो, धरले होते. अकरा वर्षांची असताना आधी घसा दुखला, मग एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा, मग कोपर. वडलांनी तेल चोळलं. ज्वारीच्या काढणीपर्यंत मी पुन्हा रानात पळत होते.

"तेव्हाच झालं हे," बाई म्हणाल्या. "हृदयाला आतून दारं असतात, झडपा म्हणा. त्या तापानं तुमचं एक दार आकसलंय. आता ते अर्धंच उघडतं. गुडघे बरे झाले, दार राहून गेलं. इतके दिवस निभावलं. आता पोटातल्या जिवाचाही भार त्याच्यावर आलाय."

आईचं विचारलं. मी सांगितलं. बहिणीचं विचारलं. थोरली सोना दुसऱ्या बाळंतपणात तापानं गेली, तेही सांगितलं. मग मी विचारलं, "बाई, मी जगंन का?"

देव बरं करील, असं लोक म्हणतात तसं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही जगावं म्हणून काय काय करायचं ते मला माहीत आहे. ते सगळं करू."

एवढंच. पण त्या वाक्याचा मला पुढं फार आधार झाला. परत येताना मालक टांग्यात मांडीवर पंजे उघडे टाकून बसले होते. रंगखात्यातल्या माणसाचे हात कितीही धुतले तरी कोपरापर्यंत रंग राहतोच. त्या दिवशी ते लाल होते.

कडू थेंब आणि नरसम्मा

शेवटचे दोन महिने दवाखान्यातच पडून राहायचं ठरलं. आमच्या घरात अशी दोन महिने अंथरुणावर पडून राहिलेली बाई कुणी पाहिली नव्हती. आत्याबाई पहिल्यांदा चिडल्या. "राणीसायबावानी खाटंवर झोपायचं आन् हितं पोरीचं कोण बघायचं?" मग स्वतःच कमळची वेणी घालून तिला रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत आणू लागल्या.

पहाटे झाडणारी येऊन फरशी ओली करायची. मग परिचारिका मनगट धरून नाडी मोजायची आणि त्यावरून ठरायचं, आज थेंब द्यायचे की नाहीत. थेंब म्हणजे कुठल्याशा विलायती झाडाच्या पानांचा अर्क, जहराइतका कडू. नाडी फार मंद झाली तर त्या दिवशी थेंब बंद. मला आधी वाटायचं, औषध जास्त घेतलं की लवकर बरं वाटेल. बाईंनी समजावलं की हे औषध थोडं असलं तर औषध आणि थोडं जास्त झालं तर विष आहे. मीठ बंद होतं. अळणी डाळ, अळणी भात. शेंगाचटणीसाठी मला रडू यायचं, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

शेजारच्या खाटेवर नरसम्मा होती. विणकरांच्या वस्तीतली तेलुगू बाई, अंगानं मजबूत. तिलाही दिवस होते आणि पायाचं हाड मोडल्यामुळं पडून होती. मराठी तोडकं, पण तोंड बंद नसायचं. मी रडले की म्हणायची, "काय रडते? डोळ्यातून मीठ जाते, चांगलंच हाय की!" मीच हसायची मग. ऊन वाढलं तशी तिनं घरून ताडाचा पंखा मागवला आणि स्वतःला एकदा, मला एकदा असा वारा घालत बसायची.

थेंबांनी पायांची सूज उतरली. मी एका उशीवर झोपू लागले. त्या आठवड्यात मला वाटलं, संकट टळलं.

ताप

मुलगा झाला. मला जोर लावू द्यायचा नव्हता, म्हणून बाईंनी चिमटा लावून त्याला बाहेर काढला. लहानसा, पण आवाज खणखणीत. आत्याबाईंनी वॉर्डभर साखर वाटली.

तीन-चार दिवसांनी दुपारी मला थंडी वाजून आली. सोलापूरचा चैत्र, बाहेर फुफाटा आणि माझे दात वाजत होते. नरसम्मानं आपली चादर माझ्यावर टाकली आणि ओरडून परिचारिकेला बोलावलं. मग ताप चढला. ओटीपोटात दुखत होतं. बाळंतज्वर. सोनाला झाला होता तोच. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार भीती वाटली नाही. भीती आधी वाटून गेली होती. आता फक्त कमळचे केस कोण विंचरणार, बाळाला दूध कोण पाजणार, असल्या बारीक बारीक गोष्टी डोक्यात येत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी पडद्याबाहेर मालकांना आणि आत्याबाईंना सांगितलं ते मला ऐकू आलं. हा ताप रक्तात उतरतो, आणि ज्याच्या हृदयाचं दार आधीच खराब आहे त्याच्यात तो तिथंच जाऊन बसू शकतो. आजवर यावर औषध नव्हतं. एक नवं निघालंय. मुंबईला तार केली आहे, उद्याच्या गाडीनं येईल.

बाटली

दुसऱ्या दिवशी मालक गिरणीतून तसेच आले, अंगावर कामाचे कपडे. बाई माझ्या खाटेपाशी उभ्या होत्या. एका हातात मुंबईहून आलेली बाटली, दुसऱ्या हातात टोचायची पिचकारी आणि तिच्यात औषध, लालभडक.

मालकांनी ते उजेडात बघितलं. सारा जन्म त्यांनी रंगाच्या हौदांवर काढलेला. म्हणाले, "बाई, हा रंग हाय."

"हो, रंगच आहे," बाई म्हणाल्या. "जर्मनीतल्या एका रंगाच्या कारखान्यातच शोधलाय. तिथले रसायनशास्त्रज्ञ कित्येक वर्षं एकामागून एक रंग तयार करून उंदरांवर बघत होते. रंग जसा सुताला धरतो तसा एखादा रंग रोगजंतूला धरेल, अशी त्यांची कल्पना. शेकडो वाया गेले. या एकानं उंदीर वाचले."

"आन् माणसं?"

"विलायतेत बाळंतिणींना दिलाय. पुष्कळ वाचल्यात. सगळ्या नाही."

"आन् सोलापुरात?"

"इथं या पहिल्याच."

मालक मागं सरकले. "न्हाय. मी देऊ द्यायचा न्हाय. आमच्या खात्यात रंगाची वाफ लागून माणसं आजारी पडल्यात, बाई. कातडी सोलून निघती. तुमी ते हिच्या रगतात घालणार? हिचं काळीज आदीच नाजूक हाय म्हणता तुमीच."

बाईंना राग आला नाही. म्हणाल्या, "तुमची शंका रास्त आहे. मलाही खात्री देता येत नाही. पण न देता काय होईल याची मात्र मला जवळजवळ खात्री आहे."

मी खाटेवरूनच म्हणाले, "मला द्या."

मालक म्हणाले, "तू गप. तुला तापात काय कळतंय?"

"सोनाला काय बी दिलं न्हवतं," मी म्हणाले. "मला द्या."

तेव्हा आत्याबाई पुढं आल्या. मला वाटलं, आता ह्या आपल्या मुलाच्या बाजूनं बोलणार. त्यांनी मालकांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं. म्हणाल्या, "दत्तू, अंग तिचं हाय. ती म्हणतीया ते ऐक." आणि बाईंकडं वळून, "टोचा बाई तुमी."

आमचं दोघींचं कधी फार जमलं असं नाही. अजूनही भाजीत तेल किती यावरून कुरबुर होते. पण त्या दुपारचा त्यांचा आवाज मी विसरायची नाही.

लाल दिवस

पुढच्या दिवसांचं मला सलग आठवत नाही. उलट्या झाल्या. लघवी लाल झाली. आधी कुणी सांगून ठेवलं नसतं तर रक्तच वाटलं असतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते. अंगाची कातडीही तांबूस दिसायला लागली. नरसम्मा म्हणाली, "आता तू बी रंगवलेली साडी!"

माझं दूध बाळाला द्यायचं नव्हतं. नरसम्मा तोवर बाळंत झाली होती, मुलगी होती तिला. तिनं कुणाला न विचारता आमच्या पोराला उचललं आणि दुसऱ्या बाजूला लावलं. आत्याबाई आत आल्या आणि दारातच थबकल्या. दुसऱ्या जातीची, दुसऱ्या भाषेची बाई. नरसम्मा त्यांच्याकडं बघून म्हणाली, "दूध तेलुगू नाही म्हातारे, नुसतं दूधच हाय." आत्याबाई बाहेर गेल्या आणि संध्याकाळी तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आल्या.

मग एका सकाळी जाग आली तेव्हा अंगाला घाम होता आणि डोकं हलकं. परिचारिकेनं ताप मोजला, पुन्हा मोजला. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी आधी नळी लावून छाती ऐकली. मग खुर्चीवर बसल्या, चष्मा काढून पुसला.

मालकांना मी हसताना त्याच दिवशी पाहिलं. माझी डागाळलेली चादर त्यांनी स्वतः घरी नेऊन धुतली होती. म्हणाले, "सगळा निघाला. कच्चा रंग हाय तो."

"मग?"

"कच्चा हाय तेच बरं हाय की. अंगात ऱ्हायचा न्हाय."

मी वाचले ती औषधामुळंच की माझ्या नशिबानं, हे मला ठामपणं सांगता येणार नाही. बाईंनीही कधी तसं म्हटलं नाही. त्यानंतर त्यांनी हे औषध आणखी काही बायकांना दिलं. बहुतेक घरी गेल्या, एक नाही गेली. हेही सांगायलाच हवं.

दवाखान्यातून निघताना बाईंनी एक गंमत सांगितली. फ्रान्समधल्या संशोधकांनी शोधून काढलं होतं की काम तो लाल रंग करतच नाही. शरीरात गेल्यावर त्याचे दोन तुकडे होतात आणि त्यातला बिनरंगाचा तुकडा जंतूंना आवरतो. आता त्याच्याच पांढऱ्या गोळ्या यायला लागतील.

मालक ऐकून थोडे नाराजच झाले. "मग रंग कशाला घातला व्हता?"

"रंगाच्या वाटेनं गेले म्हणून तर तिथं पोचले," बाई म्हणाल्या.

पण त्या दिवशी त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. आता तिसरं मूल नको. हृदयाचं ते दार काही उघडायचं नाही.

रक्त की घर

केममध्ये लोक म्हणायचे, आमच्या घरातल्या बायकांना आजीच्या सवतीचा तळतळाट आहे. आई गेली, सोना गेली. एकदा तपासणीला गेले असताना मी हे बाईंना सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत.

म्हणाल्या, "तळतळाटावर मला इलाज माहीत नाही. पण एकाच घरात हा आजार पुन्हा पुन्हा दिसतो हे खरं आहे, आणि त्यावर मोठं संशोधन चाललंय. काही म्हणतात, बापाचं नाक मुलाला यावं तसं काहीतरी रक्तातूनच उतरतं. काही म्हणतात, एकाच कोंदट खोलीत दाटीनं निजणाऱ्यांना एकमेकांचा घसा लागतो आणि तिथून हे सुरू होतं. कदाचित दोन्ही खरं असेल. रक्त आपल्याला बदलता येत नाही, खोली बदलता येईल." मग म्हणाल्या, "तुमची मुलं एकदा घेऊन या. मला ऐकायचंय."

घरी येऊन मी सांगितलं. मालक उठून उभे राहिले. "ऐकायचं न्हाय."

"नुसती नळी लावायची हाय."

"ऐकलं की मग ते हाय व्हतं. पोरीची जात. उद्या कोण करील तिला?"

मी आग्रह धरला नाही. तेवढी ताकदही नव्हती. खोली मात्र आम्ही बदलली. वरच्या मजल्यावर उन्हाची, कोरडी खोली मिळाली. पण वर जायचं म्हणजे जिना, आणि जिना म्हणजे माझा दम. आम्ही दोघं त्यावर बरंच बोललो. शेवटी मीच म्हणाले, पोरांना कोरडी भिंत पाहिजे. मी दिवसातून एकदाच खाली उतरेन. तेव्हापासून तसंच चाललं आहे.

दिवाळी झाल्यावर कमळचा घसा दुखला. गूळ-हळद दिली, बरा झाला. मग काही दिवसांनी ती सकाळी उठताना म्हणाली, "आई, गुडघा दुखतोय." हात लावला तर गरम. दुपारी ती चाळीच्या चौकात लंगडत लंगडत इतर पोरींच्या मागं धावत होती.

मालक म्हणाले, "बघ, पळतीया की! काय झालंय तिला?"

"मीबी पळतच व्हते," मी म्हणाले.

ते तसेच खाली गेले, खेळातून कमळला उचलून खांद्यावर घेतलं आणि चप्पल न घालता तसेच दवाखान्याच्या वाटेला लागले. मी मागून टांगा केला.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मला तो वेळ फार मोठा वाटला. "बारीक आवाज आहे," त्या म्हणाल्या. "राहील की जाईल, आज सांगता येत नाही. पण वेळेवर आणलंत. आता हिनं पाय खाली टाकायचा नाही."

सात वर्षांच्या पोरीला महिनोन् महिने अंथरुणात ठेवणं काय असतं ते आईलाच ठाऊक. सांध्यांच्या औषधानं तिचे कान वाजायचे. म्हणायची, "आई, माझ्या कानात गिरणीचा भोंगा व्हतोय." आत्याबाई पहाऱ्याला. "पाय खाली टाकलास तर बघ!" असं म्हणत म्हणत त्याच तिला बसल्या जागी सागरगोटे शिकवायच्या. मालक रंगखात्यातून सुताच्या रंगीत गुंड्या आणायचे आणि आपल्या राठ हातांनी बाहुलीची लुगडी विणायचे. गड्ड्याची जत्रा आली आणि गेली. जत्रेतला पाळणा खिडकीतून दिसत नव्हता, पण तिथले बाजे ऐकू यायचे. त्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून झोपून राहिली. तिच्याबरोबर मीही जेवले नाही.

गुढीपाडव्यानंतर बाईंनी पुन्हा नळी लावली. या वेळी लवकर काढली. "आज आवाज स्वच्छ आहे," म्हणाल्या. "उद्याचं मी बोलत नाही. घसा दुखला की त्याच दिवशी माझ्याकडं यायचं. तेल चोळत बसायचं नाही." आणि कमळला म्हणाल्या, "आता रोज थोडं चालायचं. आज गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं खाली उतरलो. कमळचे पाय काड्यांसारखे झाले होते. पहिल्यांदा तिनं माझा हात धरला. मग सोडला. चार पावलं पुढं गेली, मग आणखी चार, आणि मग चालणं कधी भराभर झालं ते कळलंच नाही. "हळू चाल गं" असं मी म्हणणार होते, पण तोंड उघडलं तर दमच पुरला नाही. मी शेजारच्या ओट्यावर बसले. मालकांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी हातानंच सांगितलं, तुमी जा तिच्याबरोबर.

ते जाईपर्यंत ती कोपऱ्यावरून वळली होती.